संध्याकाळ आणणारं पिंप

बाबा,

परवा आपल्या घरात विजेचा दिवा लागला. तुम्ही असतात तर लागला नसता. ओढ्यापलीकडे सरकीचं तेल काढणारी मिल झाली आहे, तिच्या मालकानं आपल्याच इंजिनावरून गल्लीला तारा दिल्या. सोनारानं घेतल्या, शिंप्यानं घेतल्या, देवळाच्या पुजाऱ्यानं तर देवाला विचारायच्या आधी घेतल्या. आपण सगळ्यांत शेवटी. ज्या घरात एके काळी विजेबद्दल गावातली सगळ्यांत जास्त बडबड चालायची, त्या घरातला कंदील सगळ्यांत उशिरा विझला. दुसऱ्या कुणाच्या घरात असं झालं असतं तर मी त्यावर दोन कॉलम लिहिले असते आणि लोक हसले असते. लोकांच्या फजितीवर लिहिणं हा आता माझा धंदाच झाला आहे. मामलेदार सुटला नाही, कीर्तनकार सुटला नाही, सासरे सुटले नाहीत. तुमच्याबद्दल मात्र आजवर एक ओळ लिहिली नव्हती. आज लिहितो आहे, कारण दिवा लागला त्याच संध्याकाळी माय एक गोष्ट बोलून गेली, आणि ती ऐकायला तुम्ही हवे होतात. किंवा नको होतात. ते अजून माझं ठरत नाही.

तुम्ही शाळेत शास्त्र शिकवायचात. माळ्याच्या घरात जन्मून, वांग्या-कोथिंबिरीच्या वाफ्यांतून उठून तुम्ही मास्तर झालात आणि हे तुम्ही कुणाला कधी विसरू दिलं नाहीत. पाटाचं पाणी मात्र तुमच्या तोंडून सुटलं नाही. वीज समजवायची तरी तुम्ही पाटापासूनच सुरू करायचात. पाणी सोडणं सोपं, कोणत्या वाफ्यात किती जाऊ द्यायचं ते अवघड. विजेच्या वाटेत मुद्दाम जो अडसर घालतात त्याला तुम्ही मराठीत ‘रोधक’ म्हणायचात, गावातल्या कापसाच्या जिनातला फिटर ‘रजिस्टन’ म्हणायचा, आणि दोघं एकमेकांच्या शब्दाला नाक मुरडायचे. टेबलावर तुमची सगळी प्रजा मांडलेली असायची. चिनीमातीच्या नळीवर वेढे देऊन गुंडाळलेली जर्मन सिल्व्हरची तार, जिच्यात चांदी फक्त नावापुरती आणि प्रत्यक्षात तांबं, जस्त, निकेल; मापं घ्यायला हीच, कारण तापली तरी हिचा स्वभाव फारसा बदलत नाही. शेगडीत घालतात ती निकेल-क्रोमची तार, लालबुंद होऊनही न जळणारी. जुन्या बॅटरीच्या पोटातून काढलेली कोळशाची कांडी. शिसपेन्सिल चिरून काढलेलं शिसं. दिव्याच्या काचेतली ती केसाएवढी तारसुद्धा रोधकच, आणि ती अडवते म्हणून उजेड पडतो, हे तुम्ही इतक्या अभिमानानं सांगायचात की दिवा तुम्हीच शोधला असावा असं वाटायचं. “लोखंडाची तार तापली की जास्त अडवते, कोळसा तापला की सैल सोडतो,” असं म्हणून तुम्ही वर्गावर नजर फिरवायचात. “तुमच्यातले बरेच कोळसा आहेत.” मार बसला तरी परवडला, पण हे नको, असं पोरांना व्हायचं. माझी जीभ कुणावर गेली असं लोक विचारतात तेव्हा मला ते टेबल दिसतं.

नाटकाची हौस तुमची नव्हती, ती भाऊची. घरातला थोरला, नुकतं मानोरा गावच्या मुलीशी लग्न झालेलं, आवाज असा की मळ्यातून हाक मारली तर रस्त्यावरचे बैल थांबावेत. शाळेतल्या आणि जिनातल्या लोकांनी मिळून पुराणातलं नाटक बसवलं. तो राजा, ज्याला दिवसा मरण नाही, रात्री मरण नाही, घरात नाही, बाहेर नाही. आणि शेवटी खांब फोडून निघणारा अर्धा सिंह. सिंह भाऊ. मी मॅट्रिकला नापास होऊन घरी बसलेला, म्हणून मला भालदार केलं. हातात भाला दिला की निदान काहीतरी धरून राहील, असं तुम्ही चारचौघांत म्हणालात. एका तालमीला तुम्ही सहज येऊन बसलात आणि शेवटचा प्रवेश पाहून विचारलंत, “हा मरतो केव्हा? संध्याकाळी. मग संध्याकाळ कुठं आहे?” पडदा ओढणारा म्हणाला, “मास्तर, एक कंदील बारीक करतो ना.” तुम्हाला तो शास्त्राचा अपमान वाटला. तिथून पुढं नाटक भाऊचं राहिलं नाही.

वीज जिनाच्या डायनामोची. कापसाचा हंगाम सरला होता, जिनाचं अंगण मोकळं होतं, तिथंच तंबू ठोकला. दिवे पोहरादेवीच्या यात्रेत मोडीत निघालेल्या एका तंबू-कंपनीकडून आणलेले, आणि ते निघाले अर्ध्या दाबाचे. जिनाची वीज थेट दिली असती तर पांढरेफटक होऊन फुटले असते. म्हणजे उरलेला अर्धा दाब वाटेतच खाऊन टाकणारा रोधक हवा, आणि तो कमीजास्त करता यायला हवा, नाहीतर संध्याकाळ व्हायची कशी. फिटरनं विजेच्या मोटारीच्या स्टार्टरमधल्या बिडाच्या जाळ्या देऊ केल्या. तुम्ही म्हणालात, त्या मोटार चालू होईपर्यंतच्या सोबती, नाटकभर ठेवल्या तर तंबूची भट्टी होईल. पुरेशी जर्मन सिल्व्हरची तार अख्ख्या वऱ्हाडात मिळेना. मग तुम्ही पाणी निवडलंत. एक लाकडी पिंप, त्यात विहिरीचं पाणी, तळाशी शिशाचा पत्रा, वर दोरीनं टांगलेला दुसरा पत्रा. नुसतं पाणी विजेला फारशी वाट देत नाही. मीठ घातलं की देतं, आणि जितकं मीठ तितकी वाट रुंद. वरचा पत्रा खाली सोडला की दिवे उजळणार, वर ओढला की मावळणार. तुम्ही दिवसभर चिमटीचिमटीनं मीठ घालत आणि दोरीवर खडूच्या खुणा करत बसलात. पहिल्यांदा सगळे दिवे तांबूस होत होत निखाऱ्यासारखे झाले तेव्हा फिटरनं टोपी काढली. “मास्तर,” तो म्हणाला, “तुमी त मावळती पिंपात भरली.” तुम्ही नुसते हसलात. तसं हसताना मी तुम्हाला नंतर पाहिलं नाही.

पण त्या पिंपाला वास होता. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की त्यातून वायू सुटतो, एवढं तुम्ही मला सांगितलंत. वास कसला ते बोलला नाहीत, आणि मीही विचारलं नाही, कारण आपल्या घरात तो वास सगळ्यांना ठाऊक होता. पटकीच्या साली गावातल्या विहिरींत पांढरी पूड टाकली होती तेव्हा हाच वास घराघरात शिरला होता. त्या साली माझ्या पाठची बहीण गेली. माय अजूनही आपल्या गल्लीतल्या विहिरीचं पाणी भरत नाही. तो वास पिंपावर दबा धरून बसलेला असायचा, आणि तालीम संपली तरी कपड्यांना लागून घरापर्यंत यायचा. एकदा मी बोट बुडवून चाखायला गेलो तर तुम्ही माझं मनगट असं पिरगाळलंत की भाला दुसऱ्या हातात घ्यावा लागला. “चव बघायला ते वरण नाही. त्यात काही पडलं तर सगळा हिशेब बिघडेल.” मग तुम्ही एकेकाला धरून ताकीद दिलीत. तंबूत विडी नाही, चिलीम नाही, धूप नाही, निरांजन नाही. नाटकाआधीची पूजासुद्धा बाहेर चिंचेखाली झाली. खांब बांबूचा आणि कागदाचा, सिंहाची आयाळ अंबाडीच्या धाग्यांची, आणि जिनाच्या अंगणात कितीही झाडलं तरी बारीक रुई उडतच असते. आणि पिंपाजवळ कुणी जायचं नाही. फिटरला सांगितलंत, पेटीवाल्याला सांगितलंत, राणीचं काम करणाऱ्या पटवाऱ्याला त्याच्या मिशा काढताना सांगितलंत, मला तर येता-जाता. घरात सांगितलं नाहीत. घरात काय सांगायचं? बायका रंगपटात येत नसतात.

नाटक दिवेलागणीलाच सुरू केलं, किन्हीराजा गावच्या गाड्या परत जायच्या होत्या म्हणून. मला आजही ते सगळं एकाच जागेवरून दिसतं, कारण भालदाराला हलता येत नाही. उजव्या अंगाला तुम्ही आणि पिंप. समोर माणसांचा काळा ढीग. डावीकडे खांब, आत भाऊ, अंगभर पिवळा रंग, डोक्यावर आयाळ, पायाशी खांबातले दिवे. शेवटच्या प्रवेशाआधी तुम्ही इंजिनवाल्याकडे जाता, इंजिन एकसारखं ठेव म्हणून सांगायला. परत येता, दोरी हातात घेता. राजा खांबाकडे बोट करून विचारतो, यात आहे का तुझा देव? तुम्ही दोरी ओढता. दिवे मावळायला हवेत. मावळत नाहीत. मला वाटतं तुमचा हात चुकला. तुम्ही आणखी ओढता, आणि मला पिंपातून भात रटरटावा तसा आवाज येतो. दिवे पिवळ्याचे पांढरे होतात. राजाच्या चेहऱ्यावरचा रंग पुसल्यासारखा दिसतो, कपाळावरचा घाम दिसतो, आणि तो पुढचं वाक्य विसरतो. तारांच्या सुती वेष्टणातून धूर निघतो आहे. तो विहिरींचा वास येतो. मग खांबाच्या आत काहीतरी फुटतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खांबाला आतून उजेड आला, कागदावर तपकिरी डाग पसरत गेले, आणि भाऊ ओरडला. तिथं त्याला ओरडायचंच होतं. तालमीत तो इतका चांगला कधी ओरडला नव्हता. पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. भाला धरून मी उभा होतो आणि मलाही वाटलं, आज भाऊनं कमाल केली. खांब फाडून तो बाहेर आला तेव्हा आयाळ पेटलेली होती, आणि तरी काही लोक हात जोडूनच बसले होते. तुम्ही वरचा पत्रा पाण्याबाहेर खेचून काढलात. दिवे गेले, आणि त्या अंधारात फक्त तो दिसत राहिला. फिटर आणि पटवारी यांनी मिळून पिंप त्याच्या अंगावर उपडं केलं. ते पाणीही कढत होतं.

तंबू अंगणाच्या बाजूनं उघडा होता, म्हणून बाकीचे सुटले. भाऊचा उजवा कान गेला आणि उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली ती तशीच राहिली. तो अंथरुणावर होता तेवढ्या दिवसांत तुम्ही एकच वाक्य बोललात: हिशेब चुकला. तपासायला काही उरलंच नव्हतं, पिंपातलं पाणी अंगणाच्या मातीत जिरून गेलं होतं. कुणी म्हणालं इंजिन पळालं असेल. तुम्ही इंजिनवाल्याला जाऊन विचारलंत, त्यानं आपल्या मुलांची शपथ घेतली. मग तुम्ही घरी आलात आणि ओसरीवर बसलात, ते जवळजवळ शेवटपर्यंत. शाळा सुटली की कुंभाराकडून भाजून आणलेल्या मातीच्या नळ्यांवर तार गुंडाळायची. काजळी आणि चिकणमाती मळून कांड्या वळायच्या, भाजायच्या, मोजायच्या, पुन्हा भाजायच्या. “कोळसा दगा देतो. तार खरी. पाणी कुणाचंही ऐकतं,” असं तुम्ही स्वतःशी बोलायचात. दारामागच्या भिंतीवर खडूनं गणितं मांडायचात आणि सारवताना माय तेवढी जागा सोडायची. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, पण ते पुसू नये एवढं कळत होतं. एकदा मी म्हणालो, “बाबा, झालं ते होऊन गेलं.” तुम्ही वर न बघता म्हणालात, “कशानं झालं ते कळेपर्यंत ते चालूच आहे.” घरात वीज घ्यायची नाही, हे तुम्ही सांगितलंसुद्धा नाहीत. आम्ही आपोआप घेतली नाही.

भाऊच्या हाताकडे तुम्ही बघितलं नाहीत. तो डाव्या हातानं जेवायचा, तुम्ही आपल्या ताटात बघायचात. तो मात्र तुमच्यापेक्षा हलका. “तुमचा देव जरासा वेळेआधी निघाला बाबा, बाकी काय झालं? एक कान गेला त मायचं बोलणं अर्धंच ऐकू येते मले. फायदाच हाय.” माय त्याला हातातलं लाटणं दाखवायची. तुम्ही उठून आत जायचात. शेवटच्या आजारात तुम्ही मला एक नळी दिलीत, वेढ्याला वेढा न लागलेली, दोन्ही टोकांना पितळेच्या पट्ट्या. “ही खरी आहे,” म्हणालात. “केव्हाही मोजून बघ.” मापायचं साधन माझ्याकडे नव्हतं आणि नाही. कागद उडू नयेत म्हणून मी ती टेबलावर ठेवतो. या कागदावरही आत्ता तीच आहे.

तर परवा. दिवा लावून मी स्टुलावरून उतरलो. भाऊ ओसरीत कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होता. चिकटलेल्या बोटांच्या बेचक्यात जुडी धरायची आणि डाव्या हातानं दोरा फिरवायचा, ही त्याची रीत. माय भिंतीला टेकून बराच वेळ दिव्याकडे बघत होती. तिला आता कमी दिसतं, पण दिवा दिसत होता.

“तुया बापाले मी सांगतलंच नाई कधी,” ती म्हणाली.

“काय नाही सांगितलंस?”

“हासला असता मले. त्या दिशी म्या भाऊची दृष्ट काढली होती. देवाचं सोंग घेतलं, साऱ्या गावाचे डोये त्याच्यावर. मीठ-मोहऱ्या पदरात बांधूनच नेल्या होत्या. कनातीच्या मांगून शिरली त तो वास आला. आपली पोरगी गेली त्या सालचा. माया जीवच उडाला. तुया बाप कुठीसा इंजिनाकडं गेल्ता. मंग म्या खांबापाशी जाऊन भाऊवरून उतरलं. तू लोकाइकडं तोंड करून उभा होता.”

“खरंय,” भाऊ जुडीकडे बघत म्हणाला. “मले वाटलं, ही कुठून आली. म्हटलं, जाय लवकर, बाबा येतीन.”

“आणि ते मीठ?” मी विचारलं. “विस्तवात टाकलंस ना?”

“इस्तू कुठी होता? तुया बापानं विडी तरी पेटवू देल्ली का कोणाले? निरांजन बी बाहेर. मंग पाण्यात टाकलं. ते नव्हतं का पिंप भरलेलं. मिठावानी इरघळून जाय म्हटलं, आन् दोन्ही मुठी सोडल्या.” ती समाधानानं मान हलवत होती. “काय जबर दृष्ट होती बाप्पा. चूल नाई, इस्तू नाई, आन् पाणी उकयलं. साऱ्याइनं पाह्यलं. म्या टाकलं नसतं त पोट्टं माया हाती लागलं नसतं.”

दिव्याखाली आम्ही तिघं होतो. भाऊचा दोरा थांबला होता. तो तुमचा मुलगा आहे, बाबा. मिठाचं आणि पाण्याचं काय होतं ते त्यानं माझ्याआधी त्याच टेबलाशी ऐकलेलं होतं. त्यानं आपला उजवा हात दिव्याकडे धरून उलटसुलट पाहिला, जणू कुणी तो आत्ताच आणून दिला होता. माझं तोंड उघडलं होतं. इतक्या वर्षांत मी कुणाचं चुकीचं बोलणं सुटू दिलेलं नाही, त्यावरच माझं पोट चालतं. भाऊनं माझ्याकडे एकदा बघितलं, तुम्ही वर्गाकडे बघायचात तसं.

“हो माय,” तो म्हणाला. “तुयाच मिठानं वाचलो मी.” आणि जुडीला गाठ मारली.

म्हणजे तुमचा हिशेब बरोबर होता. चिमटीचिमटीनं घातलेलं मीठ बरोबर, दोरीवरच्या खुणा बरोबर, संध्याकाळ बरोबर. विस्तवाला तुम्ही तंबूतून हाकललंत म्हणून ते मीठ पाण्यात गेलं, आणि ते पाणी काय आहे हे तुम्ही गावभर सांगितलंत, ज्या एका माणसाच्या पदरात मीठ होतं तिला सोडून. ओसरीवरची ती सगळी वर्षं, त्या नळ्या, त्या कांड्या, दारामागची गणितं, आणि तिथून दोन हातांच्या अंतरावर चुलीशी माय, जिला तुम्ही एकदा विचारलं असतंत तर तिनं सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत, कारण तिला काय माहीत असणार. ती बोलली नाही, कारण तुम्ही हसाल. यावर माझ्यासारख्यानं काय लिहायचं? तिला खरं सांगितलं तर ज्या मुठींनी तिनं मुलगा राखला त्याच मुठी घेऊन तिला उरलेले दिवस काढावे लागतील. ते मी करणार नाही. तुम्हाला सांगून टाकलं, कारण तुम्हाला कळणार नाही. कागद या नळीखाली राहील. भाऊ वाचणार नाही, मायला वाचता येत नाही.

काल संध्याकाळी दिवा मला परवापेक्षा जास्त पांढरा वाटला. मिलवाल्याचं इंजिन पळत असेल, किंवा माझे डोळे. तारेला हात लावून पाहिला, कोमट होती. किती कोमट असायला हवी, हे मला माहीत नाही. तुम्हाला माहीत होतं. तेवढ्यात मायनं हाक मारून मला पुढ्यात बसवलं. “तू बी लोकाइच्या डोयावर येऊन राह्यला, कायबाय लिहून,” म्हणाली, आणि मिठाच्या मुठी माझ्यावरून उतरवल्या. मग हात तसेच मिटून तिनं विचारलं, “पाणी कुठी हाय?” मी तांब्या आणला, त्यात मीठ टाकून घेतलं, आणि परसात तारेपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन ओतून आलो. असल्या गोष्टींवर मी आजवर काय काय लिहिलं आहे ते वाचून तुम्ही खूश झाला असतात. पण ती उतरवत होती तेव्हा मी डोळे मिटले होते, बाबा, आणि मला बरं वाटत होतं.